पंप उतरवण्याआधी: जिनिंगमधल्या डिझेल फोर्कलिफ्टच्या चार तक्रारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात) ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, पुढे बेल क्लॅम्प (गाठी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पंजा) लावलेला, मीटरवर ९,००० तासांच्या आसपास. चार सिलिंडरचं प्री-चेंबर इंजिन (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटवणारं), इनलाइन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप). थंडीत सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि पांढरा धूर निघतो. तासाभराने गाडी दम टाकून बंद पडते, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चालू होते. गाठी उचलताना काळा धूर येतो. दुपारी टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात जातो. मिस्त्रीने पंप-नोझल आणि हाफ इंजिन (इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलणं) असं काम सांगितलंय. इंजिन उघडावं का?

आत्ता नाही. चार तक्रारी एकाच वेळी आल्या की "इंजिनच संपलं" असं वाटतं, पण त्या प्रत्येकीची वेळ वेगळी आहे: एक थंड असताना, एक तासाभराने, एक लोडवर, एक दुपारी. घासलेल्या रिंगा पंधरा मिनिटं विश्रांती घेऊन बऱ्या होत नाहीत. पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारे आतले दट्टे) घासले असतील तर गाडी सहसा उलट वागते: थंड असताना लागते आणि गरम असताना लागत नाही, कारण गरम डिझेल पातळ होऊन एलिमेंटच्या फटीतून निसटतं. तुमची गाडी थंडीत रडते आणि गरम असताना पंधरा मिनिटांत परत लागते. म्हणजे पंपावर संशय घ्यायला अजून काही आधार नाही. इथे दोन-तीन वेगवेगळे, बहुधा स्वस्त दोष एकत्र आलेत असं धरून चाला आणि एकेक सोडवा.

काम सुरू करण्याआधी गाडी शेडबाहेर उघड्यावर घ्या, काटे आणि क्लॅम्प जमिनीला टेकवा, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, सायलेन्सर आणि सेल्फभोवती साचलेली रुई आधी हाताने आणि ब्रशने काढून टाका. डिझेलने भिजलेली रुई गरम मॅनिफोल्डजवळ ठेवून डिझेलचे नट सैल करणं म्हणजे आगीला आमंत्रण. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

तासाभराने बंद पडणं

इथूनच सुरुवात करा, कारण सकाळच्या तक्रारीचं एक कारणही इथेच सापडू शकतं. चालू डिझेल इंजिन हळूहळू दम टाकत बंद पडलं आणि थोड्या वेळाने आपसूक लागलं, तर बहुतेक वेळा त्याला डिझेल पुरत नसतं. धक्का न देता एकदम खटकन बंद पडलं तर मात्र वायरिंग किंवा स्टॉप सोलेनॉइड (पंपाचं डिझेल बंद करणारा विजेचा भाग). ऑपरेटरला नेमकं हेच विचारा: "हुंदके देत बंद पडली की चावी काढल्यासारखी?"

हुंदके देत असेल तर पुढच्या वेळी बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. जिनिंगमध्ये रुई आणि डिझेलचा चिकटा मिळून ते भोक मेण लावल्यासारखं बंद होतं. पंप डिझेल ओढतो, त्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि तासाभरात फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून इंजेक्शन पंपाला देणारा छोटा पंप) हरतो. बंद पडल्यावर हवा कुठून ना कुठून झिरपते, म्हणून गाडी परत लागते. झाकण डिझेलने धुवा, हवा मारा, नाहीतर नवं घ्या. झाकणाऐवजी चिंधी कोंबून गाडी चालवणं हा उपाय नव्हे. ती चिंधीच उद्या टाकीत सापडते.

आवाज आला नाही तर टाकीतला सक्शन पाइप बघा. त्याच्या टोकाला जाळी असते. टाकीच्या तळाचा गाळ, रुईचे धागे, पाणी धरलेला शेवाळासारखा काळा बुळबुळीत थर, हे सगळं ओढलं जाऊन त्या जाळीला चिकटतं. इंजिन थांबलं की ओढ थांबते, गाळ गळून खाली बसतो, पंधरा मिनिटांनी गाडी नव्यासारखी. ही सवय ओळखीची वाटली असेल तर टाकीच दोषी धरा.

याची खात्री करायची चाचणी सोपी आहे, आणि पंपाला हात लावण्याआधी ती केलीच पाहिजे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा आणि तो फीड पंपापेक्षा उंच जागी पक्का बांधा. टाकीकडून फीड पंपाकडे येणारा पाइप काढून त्या जागी कॅनमधून आणलेली डिझेलसाठी चालणारी पारदर्शक नळी जोडा. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन रिकामा होईल आणि टाकी भरेल. एअर काढा (पाइपात अडकलेली हवा, पद्धत खाली आहे) आणि मोकळ्या जागेत, मॅनिफोल्डपासून लांब, तास-दीड तास गाडी लोडवर चालवा. बंद पडली नाही तर पंप, नोझल, इंजिन या तिघांचीही त्या आरोपातून सुटका. दोष टाकी, झाकण, पाइप किंवा सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारी वाटी) यांतच आहे. कॅनवरही बंद पडली तर पुढे जा.

पुढची जागा म्हणजे फीड पंपाच्या इनलेटचा बँजो बोल्ट (ज्यातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट). अनेक पंपांत त्या बोल्टच्या आत बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. फिल्टर दहा वेळा बदलणारे लोकही ती कधी काढून बघत नाहीत. जाळी काढून धुवा, बोल्ट बसवताना दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. जुना वॉशर परत वापरायचाच असेल तर गॅसवर लाल करून थंड करा, म्हणजे तो मऊ होतो. कडक झालेला वॉशर डिझेल गळू देत नाही, पण हवा आत घेतो, आणि तो प्रकार नजरेला दिसत नाही.

हवेसाठी पारदर्शक नळीचाच उपयोग करा. फिल्टर आणि पंप यांच्या मधल्या पाइपच्या जागी ती तात्पुरती लावा. इंजिन चालू असताना सतत बारीक बुडबुडे दिसले तर ओढीच्या बाजूला कुठेतरी गळती आहे: रबरी नळीची क्लिप, सेपरेटरच्या वाटीचा रबर, फिल्टरचा ओ-रिंग, एअर काढायच्या हँड पंपाचं पॅकिंग. एकेक जोड घट्ट करत बघा. सुरुवातीचा एखाददुसरा बुडबुडा मोजू नका.

आणि खटकन बंद पडत असेल तर स्टॉप सोलेनॉइड. चावी चालू असताना वीज मिळाली तरच पंप उघडा ठेवणारा प्रकार असेल, तर बंद पडताक्षणी त्याच्या टर्मिनलवर मीटर लावा. १२ व्होल्ट येत असूनही तो सुटलेला असेल तर कॉइल गरम होऊन दगा देतंय, सोलेनॉइड बदला. व्होल्टच येत नसेल तर मागे जा: फ्यूज, रिले, चावीचं स्विच, सीटखालचं स्विच. सीट स्विच असलेल्या गाडीत ऑपरेटर खड्ड्यात उसळला तरी इंजिन झटका खाऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

टाकी धुताना अर्धवट काम करू नका. पूर्ण रिकामी करा, तळाचा ड्रेन प्लग काढा, पाच-सात लिटर स्वच्छ डिझेलने खळबळून दोनदा काढा, सक्शन पाइपची जाळी साफ करा, सेपरेटरची वाटी धुवा, फिल्टर नवा घाला. मग मुळाशी जा, म्हणजे बॅरलकडे. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या २०० लिटरच्या बॅरलच्या वरच्या पत्र्यावर पाणी साचतं, रात्री थंड होऊन बॅरल आत हवा ओढतं आणि बुचाच्या आट्यांमधून ते पाणीही आत जातं. बॅरल शेडखाली, किंचित कलतं ठेवा, बॅरलच्या हँड पंपाचा पाइप तळापासून ८ ते १० सेंटीमीटर वर ठेवा, नवं बॅरल आणल्यावर एक दिवस हलवू नका. टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रात्रभर अर्धी रिकामी टाकी म्हणजे सकाळी तिच्या भिंतींवर दव.

एअर काढण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे असं समजलं जातं, पण घाई बहुतेकांची होते. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँड पंप मारा, फेसाळ डिझेल जाऊन सलग धार आली की पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपाच्या गॅलरीचा स्क्रू, तसंच. शेवटी दोन नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, दोन्हीकडून डिझेल उडालं की आवळा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये किमान एक मिनिट थांबा. हाय प्रेशर पाइपच्या गळतीवर कधीही बोट ठेवू नका. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. आणि इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल इंजिन असेल तर हे नट सैल करणं पूर्ण वर्ज्य.

सकाळचा पांढरा धूर

पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास येत असेल आणि डोळे चुरचुरत असतील, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण पेट घेत नाहीये. सेल्फ मारताना धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाहीये. या एका निरीक्षणाने अर्धी शोधाशोध वाचते, म्हणून सकाळी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघावं.

उद्या सकाळी आणखी एक गोष्ट करा. चावी लावण्याआधी हँड पंप घट्ट लागेपर्यंत मारा, मग नेहमीसारखी गाडी सुरू करा. पटकन लागली तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतंय. वर सांगितलेली हवेची गळती किंवा फीड पंपाचा व्हॉल्व्ह, दोन्हींतलं एक. काही फरक पडला नाही तर हीटर प्लगकडे (चेंबर आधी तापवणाऱ्या विजेच्या प्लगकडे) वळा.

प्री-चेंबर इंजिन हीटर प्लगशिवाय थंडीत लागत नाही. चेंबरच्या धातूत हवेची उष्णता शोषली जाते आणि दाबाने जेवढी गरम व्हायला हवी तेवढी ती होत नाही. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा चारपैकी दोन प्लग मेलेले असले की गाडी दोन सिलिंडरवर लागते, थडथडते, दोन-तीन मिनिटं पांढरा धूर सोडते आणि मग सुरळीत होते. उन्हाळ्यात हेच प्लग मेलेले असूनही कळत नाही. तपासणी अशी: चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढा, मीटरने प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स बॉडीशी मोजा. चांगला प्लग एका ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला अनंत. क्लॅम्प मीटर असेल तर आणखी चांगलं: चावी हीटवर ठेवल्यावर एक प्लग साधारण ८ ते १५ अँपिअर घेतो आणि तापत जाईल तसा करंट उतरतो. चारही प्लग चांगले असतील तर पट्टीवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १२.४ आणि पट्टीवर ९ म्हणजे रिले किंवा वायर खातेय. प्लग बदलताना व्होल्टेज जुन्यावरचंच घ्या. ६ व्होल्टचा प्लग १२ व्होल्टवर एका सकाळीत जळतो, आणि त्याचं टोक तुटून चेंबरमध्ये पडलं तर मग खरोखर हेड उघडावं लागतं.

मग सेल्फचा वेग. डिझेल पेटायला इंजिन किमान १५० आरपीएम, खरं तर २०० च्या आसपास फिरलं पाहिजे. बॅटरी रात्रभर थांबलेली असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. खाली गेली तर बॅटरीला लगेच दोष देऊ नका, आधी केबल मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (लगवर नाही, खांबावर), दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर त्या केबलमध्ये दोष. तसंच निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक: ०.३ व्होल्टच्या वर नको. फोर्कलिफ्टमध्ये अर्थिंगची पट्टी चेसिसला जोडलेली असते आणि इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. इंजिन ते चेसिस ही पट्टी गंजली की सगळं बिघडतं. सेल्फ मुळीच फिरत नसेल, नुसता "टक"ही होत नसेल, तर फॉरवर्ड-रिव्हर्स लिव्हर न्यूट्रलला आहे का आणि न्यूट्रलचं स्विच काम करतंय का हे बघून मगच सेल्फ उतरवा.

इथर स्प्रे मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगा व त्यांच्यामधल्या कडा तोडतो. काही ठिकाणी एअर पाइपच्या तोंडाशी चिंधी पेटवून गाडी चालू करतात. कापसाच्या आवारात तो विचारही नको.

हे सगळं चांगलं निघालं आणि पांढरा धूर कायम असेल तरच टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). क्रम उलटा करू नका. टॅपेटला गॅप उरला नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन खोटं कमी दिसतं. गॅप इंजिनाप्रमाणे बदलतो, या आकाराच्या इंजिनांत तो ०.२० पासून ०.४५ मिलिमीटरपर्यंत सापडतो, म्हणून पुस्तिकेतला किंवा टॅपेट कव्हरवरच्या पट्टीवरचा आकडाच धरा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणा आणि या चार जागा लावा: पहिल्याचे दोन्ही, दुसऱ्याचा इनलेट, तिसऱ्याचा एक्झॉस्ट. क्रँक पूर्ण एक फेरी फिरवा आणि उरलेले लावा: दुसऱ्याचा एक्झॉस्ट, तिसऱ्याचा इनलेट, चौथ्याचे दोन्ही. फिलर गेज किंचित अडखळत सरकलं पाहिजे.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, चारही हीटर प्लग बाहेर, स्टॉप लिव्हर बंद स्थितीत धरलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. प्लगच्या भोकात अॅडॉप्टर लावून सेल्फ पाच-सहा सेकंद. प्री-चेंबर इंजिन चांगलं असेल तर २८ ते ३१ बार येतात. २० बारच्या आसपास गेलं, किंवा सिलिंडरांमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक पडला, तर शोध घ्यायला हवा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून परत मोजा. दाब वाढला तर रिंगा-लायनर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ऑइल याहून जास्त टाकू नका. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागाच थोडी असते, ती तेलाने भरली तर आकडा खोटा वाढतो आणि कनेक्टिंग रॉडलाही धोका.

गाठी उचलताना काळा धूर

हिशेब करून बघा. रुईची एक गाठ १७० किलोची. क्लॅम्पमध्ये दोन-तीन गाठी धरल्या तरी ३४० ते ५१० किलो. क्लॅम्पच्या वजनामुळे गाडीची क्षमता कमी होते हे धरूनही ३ टनी गाडीला हे ओझं नाही. तेवढ्यावर ती काळा धूर सोडत असेल तर एकतर इंजिनाला श्वास घेता येत नाही, किंवा ओझं गाठीचं नसून हायड्रॉलिकचं आहे.

दुसरी शक्यता आधी, कारण ती कुणी बघत नाही. गाठ सुटू नये म्हणून ऑपरेटर क्लॅम्पचा लिव्हर दाबून धरतो आणि तसाच चालत राहतो. सिलिंडर टोकाला पोचलेला, तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरून) जातंय, दाब दीडशे-पावणेदोनशे बार. पंपाच्या दृष्टीने हे पूर्ण लोड आहे, हातात रिकामा क्लॅम्प असला तरी. इंजिन दबतं, धूर सोडतं, हायड्रॉलिक तेल तापतं, आणि त्याची उष्णता दुपारच्या टेम्परेचरमध्ये भर घालते. क्लॅम्पच्या चेक व्हॉल्व्हने पकड धरून ठेवायला हवी. धरत नसेल तर तो व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचं सील दुरुस्त करा. लिव्हर दाबून धरणं ही ऑपरेटरची चूक नसते, तो गळणाऱ्या सीलची भरपाई करत असतो.

इंजिनाच्या बाजूने एअर फिल्टर. इंडिकेटर लाल झालाय का बघा. साधारण २५ इंच पाण्याच्या ओढीला तो लाल होतो. जिनिंगमध्ये धुळीपेक्षा रुईचा तंतू वाईट, तो एलिमेंटवर गोधडीसारखा थर धरतो. बाहेरचा एलिमेंट आतून बाहेर हवा मारून साफ करा, दाब २ बारपेक्षा जास्त नको, नाहीतर कागद फाटतो. मग आत बल्ब धरून अंधारात बघा. प्रकाशाचा एक ठिपका जरी दिसला तरी एलिमेंट फेकून द्या. आतला सेफ्टी एलिमेंट साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. खालचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह रोज दाबून मोकळा करा. तो तुटून पडलेल्या गाड्या फार दिसतात.

फिल्टर चांगला असेल तर हा फरक पकडा: ताकद कमी आणि धूर काळा, तर हवा कमी किंवा नोझल खराब. ताकद कमी पण धूर नाही, तर डिझेल कमी. दुसऱ्या बाबतीत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का बघा. केबल सैल होऊन लिव्हर पाऊण वाटेवर थांबणं हे "इंजिनाला जोर नाही" या तक्रारीचं फार सामान्य आणि फुकटात सुटणारं कारण आहे.

नोझल ओळखायला इंजिन आयडलिंगच्या थोडं वर ठेवून एकेका नोझलचा नट सैल करा (चष्मा, हातमोजे, पुठ्ठा). ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. ज्याच्याने आवाज खाली जातो पण काळा धूरही थांबतो, ते नोझल थेंब टाकतंय. चारही नोझल टेस्टरवर न्या: प्री-चेंबरला उघडण्याचा दाब साधारण १२० ते १५० बार, डायरेक्ट इंजेक्शनला १८० च्या पुढे. उघडण्याच्या दाबाच्या १०-२० बार खाली दहा सेकंद धरून टोकाला थेंब लोंबला नाही पाहिजे. बसवताना बुडाचा वॉशर नवा आणि जुना वॉशर भोकात चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्चने बघून. दोन वॉशर एकावर एक बसले तर नोझल वर राहतं आणि धूर तसाच.

पंपावरचा जास्तीत जास्त डिझेलचा सील केलेला स्क्रू कुणी फिरवला असेल तर मात्र पंप टेस्ट बेंचवर जाऊ द्या. तो स्क्रू अर्धा फेरा आत केला की गाडी दोन दिवस पळते, मालक खूश होतो. मग एक्झॉस्ट तापतो आणि हेडला चिरा जातात.

दुपारी लाल काटा

फोर्कलिफ्टचा रेडिएटर मागे, काउंटरवेटला लागून असतो, आणि बहुतेक गाड्यांत पंखा मोटारीच्या उलट काम करतो: हवा इंजिनाच्या बाजूने ओढून रेडिएटरमधून मागे बाहेर फेकतो. म्हणून रुई रेडिएटरच्या पंख्याकडच्या तोंडावर साचते, आणि मागून बघणाऱ्याला जाळी चकचकीत दिसते. पंख्याची फ्रेम बाजूला करून आतून बघा. साफ करताना काउंटरवेटच्या बाजूने इंजिनाकडे हवा मारा, म्हणजे जशी आली तशी रुई परत निघेल. तेल मिसळून चिकटली असेल तर इंजिन थंड झाल्यावर साबणाचं पाणी, अर्धा तास भिजत, मग हलकी धार. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्या आडव्या होतात आणि पुढचा मार्गच बंद. सीझनमध्ये हे काम रोज संध्याकाळचं आहे, आठवड्याचं नाही.

कधी पंखा बदलला असेल तर तो मोटारीचा ओढणारा पंखा तर नाही ना, किंवा उलटा बसवलाय का, हेही तपासा. रेडिएटरमागे कागद धरून बघा, तो बाहेर उडाला पाहिजे. पंख्याचा पट्टा अंगठ्याने जोरात दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबावा. रेडिएटर आणि काउंटरवेट यांच्यामधला फोम गळून पडला असेल तर गरम हवा फिरून परत इंजिनाकडे येते. तो फोम बसवा.

काटा खरा बोलतोय का हेही ठरवा. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. काटा लाल आणि तिथे ८५ अंश, म्हणजे सेन्सर किंवा अर्थिंगची गडबड. खरोखर ९८-१०० च्या वर असेल तर थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने लटकवून तापवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याला, बहुधा ७६ किंवा ८२ अंशांना, उघडू लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत ८ मिलिमीटर तरी उघडला पाहिजे. "काढूनच टाका" हा सल्ला ऐकू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंडही बंद करतो. तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाता गोल फिरतं, आणि सकाळी इंजिन गरम व्हायला दुप्पट वेळ लागून पांढरा धूर लांबतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ट्रान्समिशन तेलाचा कूलर रेडिएटरच्या खालच्या टाकीत असतो. ऑपरेटर इंचिंग पेडलवर (गाडी हळू सरकवायच्या पेडलवर) पाय ठेवून चालवत असेल किंवा ब्रेक घासत असतील, तर ती सगळी उष्णता इंजिनाच्याच पाण्यात येते. चाकांच्या ड्रमला हाताचा पंजा जवळ नेऊन बघा, एक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर दोष तिथे. ट्रान्समिशनची डिपस्टिक दुधाळ दिसली तर कूलर फुटलाय, गाडी त्याच मिनिटाला उभी करा.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. त्यातला क्षार हेडच्या वाटांमध्ये थर धरतो आणि बाहेरून रेडिएटर कितीही साफ केला तरी इंजिन तापत राहतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं-निम्मं. रेडिएटर कॅपचा दाब कॅपवर लिहिलेला असतो, तोच घ्या. शेवटी गॅस्केट: थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी गरम होण्याआधीच, वरची नळी दगडासारखी कडक झाली किंवा उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. तेव्हा हेड काढणं योग्य.

हाफ इंजिनचं काम करायला हरकत नाही, पण त्यासाठी पुरावा मागा: ऑइल टाकून कॉम्प्रेशन वाढणं, ऑइल फिलरचं झाकण उलटं ठेवल्यावर ते आतल्या गॅसने उडणं, दर दिवशी ऑइल घालावं लागणं, गरम इंजिनात आयडलिंगला ऑइल प्रेशर १ बारच्या खाली जाणं. यांतलं काहीच प्रश्नात नाही. मिस्त्रीला या चार गोष्टींचे आकडे कागदावर लिहून द्यायला सांगा, त्याने त्याचाही मान राहतो आणि तुमचाही पैसा.

टाकी आणि जाळ्या साफ झाल्यावर पहिला डिझेल फिल्टर ५० तासांतच बदला. टाकीच्या कोपऱ्यांत सुटलेला गाळ त्या पहिल्या फिल्टरमध्ये येऊन बसतो, आणि तीन आठवड्यांनी गाडी परत दम टाकू लागली की सगळे पुन्हा पंपाकडे बोट दाखवतात.